आधी नांगर, मग यंत्र
(आपल्या ज्ञातिमंडळाच्या वार्षिक संमेलनात दिलेले व्याख्यान)



 या व्यासपीठावरून आजवर शिक्षण, सहकार, विवाहखर्चातील काटकसर अशा भारदस्त विषयांवर विद्वानांची भाषणे झाली आहेत. आमच्या विषयाला मात्र डिझेलचा वास येतो. नौकेवरील डिझेल यंत्र सुरू होईनासे झाले म्हणजे काय करावे, आणि त्याहूनही महत्त्वाचे म्हणजे काय करू नये, एवढाच आमचा विषय आहे. संमेलनाच्या मंडपात हे कशाला, असे कोणी मनात म्हणेल. त्यांस आमचे उत्तर असे की, आपल्या समाजातील कितीतरी घरांची चूल त्या यंत्राच्या पहिल्या ठोक्यावर पेटते. यंत्र बंदरात सुरू झाले नाही, तर एक दिवस बुडतो. भर दर्यात सुरू झाले नाही, तर काय काय बुडू शकते, हे किनाऱ्यावर वाट पाहत बसणाऱ्या भगिनींना आम्ही सांगावे असे नाही.

आपले पूर्वज शिडावर दर्या तुडवीत होते. पहाटेच्या मतलई वाऱ्यावर बाहेर पडावे आणि दुपारच्या समुद्राकडील वाऱ्यावर घरी परतावे, हा त्यांचा क्रम. त्या विद्येत लपवाछपवी नव्हती. शीड सर्वांच्या डोळ्यांपुढे असे आणि तांडेलाचा हात पाहून दहा वर्षांचा मुलगाही शिकत असे. १९५०च्या दशकात आपल्या किनाऱ्यावरील मचव्यांना यंत्रे बसू लागली आणि विद्या फळीखाली गेली. यंत्राच्या खोलीत एकच माणूस उतरू लागला. त्याने काय केले, कोणता नट सैल केला, कोणता घट्ट केला, हे वरच्यांना दिसेनासे झाले. यंत्र सुरू झाले की त्याची वाहवा होई आणि झाले नाही, की यंत्राला हट्टी म्हटले जाई. आमचे आजचे सांगणे एका वाक्यात असे आहे, की यंत्र हट्टी नसते, कारण असल्यावाचून ते अडत नाही, आणि ते कारण शोधण्याचा एक ठरीव क्रम आहे. तो क्रम सोडून घाई केली, म्हणजे चार आण्यांच्या दोषाचे चार लाखांचे नुकसान होते.

हे आम्ही पोथीतून सांगत नाही. १९८१ सालची गोष्ट. त्या वेळी आम्ही एका लाँचवर यंत्रचालक होतो. यंत्रकामातील आपणांस सर्व काही समजते, असे वाटण्याचे ते वय होते. देवबागच्या टोकाशी कर्ली नदी समुद्रास मिळते. तेथे वाळूचा दांडा आहे आणि ओहोटीच्या वेळी त्यावर लाटा फुटतात. दांडा ओलांडून बाहेर पडल्यावर मालकांनी काही कामासाठी यंत्र थोडा वेळ बंद करावयास सांगितले. काम उरकल्यावर आम्ही सेल्फ मारला. यंत्र फिरले, पण पेटले नाही. पुन्हा मारला, पुन्हा तेच. दुपार टळली होती, वायव्येचा वारा धरू लागला होता आणि लाँच हळूहळू दांड्याकडे सरकत होती. ते आम्हांस दिसत नव्हते, कारण आम्ही खाली वाकून सेल्फ मारीत होतो. किती वेळ मारला याची मोजदाद नाही. यंत्राचा आवाज जड होत गेला आणि अखेर नुसती टकटक उरली. बॅटरी संपली.

तेवढ्यात वरून आमच्या वयोवृद्ध तांडेलांचा आवाज आला, ‘‘रे झिला, आदी नांगर टाक, मशिन मगे बघ!’’ आम्ही वर आलो, तो फुटत्या लाटा शंभर हातांवर होत्या. नांगर पडला, दोर ताणला, नांगराने वाळू धरली आणि आम्ही वाचलो. पुढे तासाभराने दुसरी नौका आली. तिच्याकडून भरलेली बॅटरी घेतली. ती जोडताना आमची नजर एका कांडीकडे गेली. यंत्र बंद करण्याची जी ओढकांडी असते, ती ओढलेल्या स्थितीतच अडकून राहिली होती. म्हणजे इंधन मुळातच बंद होते! दोष एवढाच. बोटाने कांडी आत ढकलली आणि हर्षाने सेल्फ मारला. एक ठोका पडला आणि त्याबरोबर लोखंडावर घण बसावा तसा आवाज होऊन सर्व काही थांबले. एका सिलिंडरमध्ये समुद्राचे पाणी भरलेले होते. दुसरा सिलिंडर पेटला, त्याने पिस्टन वर रेटला, पाणी दाबले जात नाही, आणि मधला कनेक्टिंग रॉड वाकला. ते पाणी तेथे कसे गेले, हे पुढे सांगणार आहोत. तूर्त एवढेच सांगतो, की ते आम्हीच भरले होते. मालकांनी ती लाँच पत्नीचे दागिने गहाण ठेवून घेतलेली होती. त्यांचा तो सगळा हंगाम गेला.

असो. आता मूळ विषयाकडे वळू.

जर्मन अभियंता रुडॉल्फ डिझेल याचा जन्म १८५८ साली पॅरिसमध्ये झाला. त्याने १८९७ साली आउग्सबुर्ग येथे आपले यंत्र यशस्वीपणे चालवून दाखविले. १९१२ साली ‘सेलांडिया’ नावाचे डॅनिश जहाज या जातीच्या यंत्रावर कोपनहेगनहून बँकॉकपर्यंत गेले आणि सागरी डिझेलचे युग सुरू झाले. खुद्द डिझेल मात्र १९१३ साली अँटवर्पहून इंग्लंडकडे जाणाऱ्या आगबोटीवरून रात्री नाहीसा झाला आणि पुढे समुद्रात त्याचे प्रेत मिळाले. त्याच्या कल्पनेचे मर्म असे की, पेट्रोलच्या यंत्राप्रमाणे येथे ठिणगी नसते. सायकलचा पंप जोराने मारला असता तो तापतो, हे आपण मुलांना दाखवितो. त्याचप्रमाणे सिलिंडरमधील हवा मूळच्या अठराव्या किंवा विसाव्या भागात दाबली, म्हणजे ती ५०० अंश सेल्सियसच्याही वर तापते. त्या तप्त हवेत डिझेलचा धुक्यासारखा बारीक फवारा सोडला की तो आपोआप पेटतो.

यावरून हे ध्यानी येईल, की डिझेल यंत्रास सुरू होण्यासाठी तीनच गोष्टी लागतात. पहिली, पुरेशा वेगाने फिरणे. दुसरी, योग्य वेळी योग्य फवाऱ्याने येणारे स्वच्छ इंधन. तिसरी, भरपूर हवा आणि ती गळू न देता दाबणारा सिलिंडर. यंत्र अडले, तर या तिहींपैकी एकात उणीव आहे, चौथे कारण नाही. दर्याला नारळ वाहणे ही आपली श्रद्धा आहे आणि ती असावी. पण नारळ वाहण्यापूर्वी फिल्टरातील पाणी काढावे, म्हणजे देवालाही आपली लाज वाटणार नाही.

आता शोधाचा क्रम. त्याचे सूत्र असे, की जे जवळचे, फुकटचे आणि हात काळे न करता पाहता येते, ते आधी पाहावे.

नौका पाण्यावर तरंगत असेल, तर सर्वांत प्रथम नांगर. यंत्र बंद पडले की वारा आणि प्रवाह यांचा अंमल सुरू होतो. पाण्याची खोली जितकी, त्याच्या निदान पाचपट दोर सोडावा. वारा असेल तर सातपट. आखूड दोरावर नांगर उचलला जातो आणि फरपटतो. नांगर धरला आहे, हे किनाऱ्यावरील दोन खुणा एका रेषेत धरून पाहावे आणि मगच खाली उतरावे. नांगर पोहोचणार नाही इतके खोल पाणी असेल, तर वेळीच बिनतारी संचावरून जवळच्या नौकांना कळवावे. तटरक्षक दलाचा १५५४ हा क्रमांक घरातील लहानथोरांस पाठ असावा. बिनतारी संच त्याच बॅटरीवर चालत असेल, तर सेल्फ मारून ती संपविणे म्हणजे स्वतःचा गळा स्वतः दाबणे होय. संचासाठी वेगळी बॅटरी ठेवणे हा खर्च नव्हे.

दुसरे, यंत्राला हात लावण्यापूर्वी तीन ठिकाणी नजर टाकावी. बंद करण्याची कांडी पूर्ण आत आहे काय? टाकीचा कॉक उघडा आहे काय आणि टाकीत डिझेल आहे काय? गिअर मोकळा आहे काय? आपण हसाल, परंतु आम्ही १९८१ साली या तीन प्रश्नांपैकी पहिलाच विचारला असता, तर आज ही हकीकत सांगण्याची पाळी आली नसती. काही यंत्रांत ही कांडी नसून विजेवर चालणारा सोलेनॉइड असतो. चावी फिरविताच तो ‘टक्’ असा आवाज करतो. तो आवाज आला नाही, तर त्याची तार आणि फ्यूज पाहावा.

तिसरे, यंत्र कसे फिरते ते ऐकावे. फिरतच नसेल किंवा रडतरडत फिरत असेल, तर दोष विजेचा समजावा. वेग मंद असला की दाबलेल्या हवेची उष्णता थंड लोखंडात विरून जाते, थोडी हवा रिंगांवरून निसटते आणि इंधन कितीही चांगले असले, तरी पेटत नाही. बारा व्होल्टची पूर्ण भरलेली बॅटरी स्वस्थ असता सुमारे १२.६ व्होल्ट दाखविते. ती १२ वर आली, तर तिचा भरवसा धरू नये. सेल्फ मारीत असता दाब साडेनऊच्या खाली घसरत असेल, तर बॅटरी तरी दुबळी आहे किंवा यंत्र तरी अडकते आहे. पुष्कळदा बॅटरी निर्दोष असते आणि चोरी वाटेत होते. साधा हिशेब पाहा. सेल्फला २०० अँपिअर प्रवाह लागत असेल आणि टर्मिनलवर साचलेल्या हिरव्या-पांढऱ्या क्षारामुळे ओहमचा केवळ शंभरावा भाग इतका अडथळा असेल, तर तेथेच दोन व्होल्ट नाहीसे होतात. आपल्या खाऱ्या हवेत हा रोग ठरलेलाच. सेल्फ मारल्यावर टर्मिनलवर सावधपणे हात ठेवून पाहावा. जो सांधा गरम लागेल, तो चोर. तो सोडवावा, खरवडून स्वच्छ करावा, घट्ट आवळावा आणि वर व्हॅसलिनचा हात द्यावा. यंत्राच्या अंगास जोडलेली ऋण तार लोक हमखास विसरतात, तिच्याकडेही पाहावे.

दुसऱ्या नौकेची बॅटरी जोडताना एक दक्षता घ्यावी. बॅटरीतून पेट घेणारा वायू निघतो. यास्तव शेवटची ऋण जोडणी बॅटरीवर न करता तिच्यापासून दूर यंत्राच्या लोखंडावर करावी, म्हणजे ठिणगी उडाली तरी अनर्थ होत नाही.

चौथे, यंत्र चांगले फिरते पण पेटत नाही, असे असेल तर एकाने वर जाऊन धुराड्याकडे पाहावे. सेल्फ मारीत असता मुळीच धूर नसेल, तर सिलिंडरपर्यंत इंधन पोहोचतच नाही. पांढरा धूर येत असेल, तर इंधन पोहोचते, पण पेटत नाही. मंद वेग, गळणारा दाब, बिघडलेली इंजेक्टरची फवारणी किंवा इंधनातील पाणी यांपैकी काही असेल. काळा धूर हवा कमी असल्याचे सांगतो. हा एक धूर ओळखता आला, तरी निम्मा शोध संपतो. पान्हा हाती घेण्याआधी धूर पाहणारा यंत्रचालक आणि आधी पान्हा शोधणारा यंत्रचालक, यांत वैद्य आणि वैदू यांच्याएवढे अंतर आहे.

पाचवे, इंधन. आमच्या अनुभवात सुरू न होणाऱ्या यंत्रांपैकी बहुतेकांचा दोष येथे असतो. फिल्टरच्या तळाशी पाणी साठण्याची वाटी असते, तिचा स्क्रू सोडून पाणी काढावे. फिल्टर काळा पडला असेल, तर बदलावा. त्यानंतर पाहावयाचे ते हवेकडे. डिझेलच्या नळीत हवेचा बुडबुडा शिरला, की पंप त्या बुडबुड्यालाच दाबीत बसतो आणि इंजेक्टर उघडत नाही. टाकीपासून पंपापर्यंतच्या नळीत बहुधा ओढ असते. म्हणून तेथील सैल सांध्यातून डिझेल बाहेर गळत नाही, उलट हवा आत शिरते. डोळ्यांना काहीच दिसत नाही. यंत्र रोज पहाटे अडत असेल, हवा काढली की दिवसभर सुरळीत चालत असेल आणि दुसऱ्या पहाटे पुन्हा अडत असेल, तर रात्रीतून डिझेल टाकीकडे परत उतरते असे निश्चित समजावे. सांध्यांचे तांब्याचे वॉशर, फिल्टरचे रबर आणि जुनी नळी ही तीन ठिकाणे तपासावीत.

हवा काढण्याची रीत सोपी आहे. फिल्टरवरील हवेचा स्क्रू सैल करावा आणि हातपंपाची कांडी हलवीत राहावे. आधी फेस येतो, मग बुडबुडे आणि अखेरीस निर्भेळ डिझेलची धार. धार येताच, हात न थांबविता स्क्रू आवळावा. मग तीच क्रिया मुख्य पंपावरील स्क्रूशी करावी. एवढ्याने भागले नाही, तर जुन्या यांत्रिक पंपाच्या यंत्रात इंजेक्टरवरील नळ्यांचे नट एकेक आटा सैल करावेत, रेस पूर्ण द्यावी, सेल्फ मारावा आणि डिझेल थुंकू लागले की नट आवळावेत.

येथे दोन गंभीर सूचना द्यावयाच्या आहेत. इंजेक्टरचा फवारा वातावरणाच्या सुमारे दोनशे पट दाबाने सुटतो. त्यासमोर हात किंवा बोट कधीही धरू नये. तो फवारा कातडी भेदून आत जातो. जखम टाचणीच्या टोकाएवढी दिसते, प्रारंभी फारशी दुखतही नाही, म्हणून माणूस हळद लावून कामाला लागतो आणि पुढे बोट, प्रसंगी हात गमावतो. अशी जखम झाल्यास घटकाही न दवडता शस्त्रक्रियेची सोय असलेले रुग्णालय गाठावे आणि आत डिझेल गेले आहे, असे डॉक्टरांना स्पष्ट सांगावे. दुसरी सूचना अलीकडच्या यंत्रांविषयी. कॉमन रेल जातीच्या, संगणकाने नियंत्रित होणाऱ्या यंत्रांत हा दाब हजार ते दोन हजार पटींपर्यंत जातो. त्यांच्या इंजेक्टरचे नट सैल करण्याचा जुना उपाय तेथे कदापि करू नये. तेथे बॅटरी, फिल्टर आणि पाणी एवढेच पाहावे आणि पुढचे काम जाणत्याकडे सोपवावे.

सहावे, हवा आणि दाब. पावसाळ्यात नौका किनाऱ्यावर ओढताना धुराड्यात पाणी जाऊ नये, म्हणून गोणपाटाचा बोळा कोंबण्याची चाल आहे. चाल चांगली आहे, पण बोळा काढण्याचे विसरून श्रावणात यंत्राला शिव्या देणारे यंत्रचालक आम्ही पाहिले आहेत. बोळा कोंबताना एक लाल चिंधी बाहेर लोंबत ठेवावी आणि दुसरी चावीला बांधावी. हवेचा फिल्टर धुळीने किंवा तेलाने कोंडला असेल, तर तो काढून पाहावे. एवढे करूनही यंत्र जोमाने फिरते, पांढरा धूर टाकते आणि पेटत नाही, तर सिलिंडर दाब धरीत नाही असा संशय घ्यावा. झडपांचे अंतर बिघडले असेल, त्या नीट बसत नसतील किंवा रिंगा झिजल्या असतील. हा रोग एका रात्रीत होत नाही. महिनोन्‌महिने यंत्र थोडे थोडे उशिरा पेटते, तेल अधिक खाते, निळसर धूर टाकते. त्या खुणांकडे दुर्लक्ष केले, म्हणजे ते एके दिवशी मुळीच पेटत नाही आणि आपण म्हणतो, ‘‘कालपर्यंत चांगले होते!’’

या ठिकाणी दोन घातक सवयींविषयी बोलणे भाग आहे. एक म्हणजे हवेच्या तोंडाशी पेटता काकडा धरणे आणि दुसरी म्हणजे डब्यातील ईथरचा फवारा मारणे. यंत्राची खोली म्हणजे डिझेल, तेलकट चिंध्या आणि बॅटरीचा वायू यांचे कोठार. तेथे जाळ नेणे म्हणजे काय, हे वेगळे सांगावयास नको. ईथर वेळेपूर्वी आणि एकदम पेटतो. त्याच्या तडाख्याने रिंगा तुटतात, पिस्टनला तडे जातात. ज्या यंत्रांत हवा तापविण्याचे ग्लो प्लग असतात, तेथे तर प्रत्यक्ष स्फोटाचे भय असते. शिवाय असे पाहा, हे उपाय बर्फाळ मुलुखातील अतिथंड यंत्रांच्या गरजेतून निघाले. आपल्या कोकणपट्टीवर माघातल्या पहाटेदेखील पारा १५ अंशांखाली क्वचितच जातो. इतक्या उबदार हवेत ज्या यंत्रास ईथर लागतो, ते आजारी आहे. त्याला मद्य पाजून उठविण्यापेक्षा औषध द्यावे.

आता ते पाणी सिलिंडरमध्ये कसे गेले, हे सांगण्याचे वचन पाळतो. काही नौकांत धूर उंच धुराड्याने कोरडाच बाहेर जातो. परंतु अनेक लाँचांत यंत्र थंड करून आलेले समुद्राचे पाणी धुराच्याच नळीत सोडलेले असते. यंत्र चालू असता धुराचा जोर ते पाणी बाहेर लोटतो. पण यंत्र न पेटता नुसते फिरत असेल, तर पाण्याचा पंप तर पाणी ढकलीतच असतो आणि लोटणारा धूर मात्र नसतो. मग पाणी सायलेन्सरमध्ये साठते, भरते, उलटे चढते आणि उघड्या झडपेतून सिलिंडरमध्ये उतरते. आम्ही जितक्या हट्टाने सेल्फ मारला, तितके अधिक पाणी आत घेतले. यास्तव नियम असा, की एका वेळी दहा सेकंदांपेक्षा अधिक सेल्फ मारू नये. मध्ये निदान एक-दोन मिनिटे थांबावे, म्हणजे सेल्फही निवतो आणि बॅटरीही सावरते. दोन-तीन प्रयत्नांत यंत्र पेटले नाही, तर समुद्राच्या पाण्याचा कॉक बंद करूनच पुढचा प्रयत्न करावा आणि यंत्र पेटताक्षणी तो उघडावा. न उघडल्यास पाण्याच्या पंपातील रबरी पंखा थोडक्याच वेळात जळतो. विसर पडू नये म्हणून कॉकची मूठ आणि सुकाणू यांना एकाच रंगाची चिंधी बांधावी.

फिरते यंत्र एकाएकी टणकन थांबले, तर सिलिंडरमध्ये पाणी आहे असे समजून सेल्फपासून हात काढावा. सायलेन्सरमधील पाणी सोडावे, इंजेक्टर काढावेत, यंत्र हाताने सावकाश फिरवून पाणी बाहेर घालवावे आणि तेल दुधाळ झाले असेल, तर ते बदलावे. हे त्याच दिवशी झाले पाहिजे. खारे पाणी एका रात्रीत सिलिंडरला गंज आणते.

राहता राहिला पावसाळा. पश्चिम किनाऱ्यावर जून आणि जुलै हे दोन महिने यांत्रिक मासेमारी बंद असते. पहिल्याच दिवशी बंदरात एकदम कितीतरी यंत्रे अडतात, त्याचे मूळ या दोन महिन्यांत असते. अर्धी टाकी रिकामी ठेवली, तर आतील दमट हवेचे पाणी होऊन तळाशी बसते. पाणी आणि डिझेल यांच्या सीमेवर सूक्ष्म जीव वाढतात आणि त्यांची शेवाळासारखी मळी पहिल्याच हेलकाव्यात फिल्टर कोंडते. म्हणून नौका ओढण्यापूर्वी शक्य तो टाकी भरून ठेवावी, तेल बदलावे, बॅटरी घरी आणून महिन्यातून एकदा भरून घ्यावी आणि नौका पाण्यात लोटण्याच्या आठ दिवस आधी टाकीच्या तळातील पाणी सोडून सर्व फिल्टर नवे बसवावेत. नारळी पौर्णिमेच्या पूजेत यंत्रालाही हळदकुंकू लावण्याची प्रथा अनेक घरांत आहे. त्या हळदकुंकवाच्या आदल्या दिवशी हे सर्व झालेले असावे.

सज्जनहो, आमचे भाषण लांबले. शेवटी मंडळास तीन विनंत्या करून आपली रजा घेतो. पहिली, आज सांगितलेला क्रम मोठ्या अक्षरांत एका कागदावर छापून प्रत्येक सभासद नौकेच्या यंत्राच्या खोलीत लावण्यासाठी द्यावा. त्याच्या अग्रभागी ‘आधी नांगर’ एवढे दोनच शब्द असावेत. दुसरी, दरवर्षी जुलैत, नौका किनाऱ्यावर असता, बंदरोबंदरी दोन दिवसांचा वर्ग भरवावा आणि आपल्यातील जुन्या यंत्रचालकांनी आपली विद्या तेथे उघड्यावर मांडावी. विद्या झाकून ठेवल्याने यंत्रचालकाचा मान वाढतो हा भ्रम आहे. तो आजारी पडला, तर त्याच्या नौकेवरील पाच जीव आंधळे होतात. तिसरी, या वर्गात मुलींनाही बसवावे. कॉक बंद आहे की उघडा, हे ओळखण्यास दंडात बळ लागत नाही, लक्ष लागते.

ज्यांचा हंगाम आम्ही बुडविला, त्या मालकांचे पुष्कळ वर्षांपूर्वी निधन झाले. त्या दिवशी लाँच ओढून आणल्यावर आम्ही मान खाली घालून त्यांच्या ओसरीवर बसलो होतो. ते एक शब्दही बोलले नाहीत. घरात जाऊन त्यांनी पान वाढावयास सांगितले आणि आम्हांस आपल्याशेजारी जेवावयास बसविले. ताटात वाढणाऱ्या माउलीच्या हातांत बांगड्या काचेच्याच होत्या. ते कर्ज फेडणे आमच्या हातून झाले नाही. जे चुकून शिकलो, ते चार घरांपर्यंत पोहोचविणे, एवढे व्याज तरी या संमेलनात आपल्या साक्षीने भरावे, म्हणून उभे राहिलो होतो.